समईचा फोटो आला का?

"ताई, कॉन्सर्टचा पास कसा भेटते?"

महिन्यातून चार-पाच जण तरी हे विचारतात. विचारणारा बहुतेक विशीतला असतो, कॅमेरा नवाकोरा आणि त्याचे हप्ते सुरू असलेला. बॅरिकेडच्या आत, स्टेजला खेटून, गळ्यात कार्ड अडकवून आपण उभे आहोत, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे असतं. मी सांगते, "आधी समईचा फोटो काढायला शिक." त्याला वाटतं, बाईनं टाळलं.

टाळलेलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

दिवसा मी नागपुरात धरमपेठेतल्या एका ऑफिसात हिशेब लिहिते आणि संध्याकाळी कॅमेरा घेऊन निघते. पहिल्यांदा निघाले ती सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात. शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम, प्रवेश खुला. तिसऱ्या रांगेत बसले. कॅमेरा ऑटोवर होता. दीपप्रज्वलन झालं, सत्कार झाले, शाल-श्रीफळ झालं आणि बुवांनी आलाप सुरू केला. हॉल अगदी चिडीचूप. मी बटण दाबलं, तर कॅमेऱ्याचा फ्लॅश आपला आपणच टुणकन उघडला आणि लख्ख उजेड पडला. बुवांनी डोळे उघडले. पुढच्या रांगेतले एक काका मागे वळून शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचं होऊन जाऊ द्या. मग गातील ते."

मध्यंतरात आयोजक थेट माझ्याकडेच येताना दिसले. आता बाहेर काढतात म्हणून मी बॅग आवरायला घेतली. ते म्हणाले, "समईचा फोटो आला का तुमच्याकडे?"

त्यांचा ठरलेला फोटोग्राफर आलाच नव्हता. साडेनऊच्या आत प्रेसनोट पेपरांकडे जायची होती आणि फोटोशिवाय प्रेसनोट म्हणजे कोपऱ्यातल्या चार ओळी. मी कॅमेरा तपासायचा म्हणून एक फोटो काढून ठेवला होता. पण कॅमेऱ्यातलं कार्ड मोबाइलला जोडायचा कार्ड रीडर नव्हता. शेवटी कॅमेऱ्याच्या स्क्रीनचाच मोबाइलवर फोटो काढला आणि तो पाठवला. दुसऱ्या दिवशी छापूनही आला, प्रमुख पाहुण्यांच्या कपाळावर आडव्या रेषा घेऊन. माझं नाव अर्थातच नव्हतं. पण पुढच्या महिन्यात त्याच आयोजकांचा फोन आला, "या वेळी जरा पुढेच बसा." माझा पहिला पास तो. त्यावर काही छापलेलं नव्हतं, एवढंच.

पास मागणारा प्रत्येक जण आपल्याला काय हवं ते सांगतो. आयोजकाला काय हवं, हे कोणी विचारत नाही. त्याला रात्रीच्या आत तीन फोटो हवे असतात. एक समईचा, एक कलाकाराचा आणि एक भरलेल्या सभागृहाचा. यातला समईचा सगळ्यात अवघड. पाच पाहुणे एकाच मेणबत्तीला हात लावून उभे असतात, सहाव्याला फक्त कोपर लावायला मिळतं, मध्ये माइकचा स्टँड आणि सूत्रसंचालकाची पाठ. मेणबत्ती पेटायच्या आधीच समईच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभं राहायचं, म्हणजे चेहरे तुमच्याकडे येतात. एकदाच, मोठ्यानं, "साहेब, इकडे!" म्हणायचं. मागच्या बॅनरवरचं प्रायोजकाचं नाव अर्धं कापायचं नाही. फोनला लागणारा कार्ड रीडर कायम खिशात ठेवायचा आणि पहिला राग संपायच्या आत तिन्ही फोटो पाठवून मोकळं व्हायचं. हे दोनदा जमलं, की तिसऱ्यांदा ते स्वतः बोलावतात. उरलेली संध्याकाळ तुमची.

आता सुरुवात कुठून करायची? आपल्या नागपुरात या बाबतीत ददात नाही. 14 एप्रिलच्या आगेमागे इंदोऱ्याकडे निघा. चौकाचौकांत भीमगीतांचे कार्यक्रम असतात. मंडळाच्या पोरांना आधी विचारा, "फोटो काढू का?" पास-बीस कोणी मागत नाही, उलट मसाला भात मिळतो. ढोलकी आणि बेंजो अंगात शिरतात, गायिका एक बोट वर करून ओळ फेकते, खालून कोणीतरी दहाच्या नोटा घेऊन स्टेजवर चढतं. हे सगळं हातभर अंतरावर. बॅरिकेडच्या आतही इतकं जवळ कोणी जाऊ देत नाही. ताजाबादला ताजुद्दीन बाबांच्या उरुसातली कव्वाली तशीच. गणपतीतले ऑर्केस्ट्रा, कॉलेजांची गॅदरिंग हेही आहेच. (मुलींसाठी एक सांगते. रात्रीच्या उघड्या कार्यक्रमात मी साउंडवाल्याच्या टेबलाजवळ तळ ठोकते. तिथे उजेड असतो, टेबलाची आड असते, आणि साउंडवाल्याला स्टेजवर पुढे काय होणार ते सगळ्यांच्या आधी माहीत असतं.)

या कार्यक्रमांतलं लायटिंग मात्र जीव खातं. लाल एलईडी तोंडावर पडली की चेहऱ्याचा टोमॅटो होतो. नाक, गाल, कपाळ सगळं एकाच लाल रंगात सपाट. असा फोटो नंतर कॉम्प्युटरवरही सुधरत नाही. मी अशा वेळी बोट बटणावर ठेवून नुसती थांबते. लाइटवाला दर काही सेकंदांनी रंग बदलतो, पांढरा किंवा पिवळसर आला की लगेच तीन-चार फ्रेम. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स घरीच राहू द्या. पन्नास मिलिमीटरची, 1.8 पर्यंत उघडणारी लेन्स ही सगळ्यात स्वस्त चांगली लेन्स आहे (हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं). किट लेन्स पूर्ण झूमवर 5.6 पर्यंतच उघडते. तिच्यापेक्षा या लेन्समधून जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश पकडायची ताकद) 3200, शटर 1/200 सेकंद इथून सुरुवात करा आणि रॉमध्ये, म्हणजे नंतर रंग-उजेड सुधारता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये काढा. फोटोत दाणे आले तर येऊ द्या, हललेल्या चेहऱ्यापेक्षा ते बरे.

शास्त्रीयच्या मैफलीत वेगळीच पंचाईत. शटरचा खटका आलापात गोळीसारखा वाजतो. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत आवाज बंद करायची सोय असते, पण त्या इलेक्ट्रॉनिक शटरवर एलईडीच्या उजेडात फोटोभर काळे पट्टे उमटू शकतात. म्हणून कलाकार वाद्यं जुळवत असतानाच तीन-चार वेगवेगळ्या शटर स्पीडवर काढून बघायचं. पट्टे दिसले तर खटक्याच्या शटरवर यायचं आणि तबला चढेपर्यंत थांबायचं. द्रुत लयीत तुमचा खटका कोणाला ऐकू जातो?

तबल्यावरून आठवलं. फोटोग्राफर सगळे गायकावर तुटून पडतात. साथीला बसलेल्यांकडे कोणी बघत नाही. आमच्याकडचे एक तबलजी वीस वर्षांपासून वाजवतात आणि त्यांच्याकडे स्वतःचा एक धड फोटो नव्हता. जो होता त्यात अर्ध्या चेहऱ्यावर गायकाचा हात. एकदा कार्यक्रमाआधी ते हातोडीनं गठ्ठे ठोकून तबला सुरात आणत होते, कान तबल्याकडे झुकलेला, डोळे मिटलेले, पावडर मनगटापर्यंत. मी तो काढला आणि घरी जाऊन लगेच पाठवला. सकाळी पाहते तर त्यांच्या डीपीवर. तेव्हापासून कोणाच्याही कार्यक्रमाला ग्रीन रूमच्या दारात मला अडवलं, की आतून त्यांचा आवाज येतो, "येऊ द्या बे तिला, आपली आहे."

आता तुमच्या मनातला तो बॅरिकेडच्या आतला पास. मोठ्या, तिकिटाच्या कॉन्सर्टला तिकीट काढून कॅमेरा नेता येईल, असं समजू नका. लेन्स सुटी होणारा कॅमेरा आणू नये, अशी अट बहुतेक तिकिटांवर बारीक अक्षरात असते आणि गेटवरचा माणूस ती नेमकी वाचून आलेला असतो. आत जायला कुठल्या तरी पेपरचं, मासिकाचं किंवा पोर्टलचं पत्र लागतं, नाहीतर आयोजकानंच नेमलेलं असावं लागतं. अर्ज आठ-दहा दिवस आधी, कार्यक्रमाचं प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या कंपनीकडे. मेल चार ओळींचा. कोणासाठी काढणार, फोटो कुठे लागणार, आणि आधी काढलेल्या दहा फोटोंची लिंक. दहाच, दोनशे नकोत, आणि त्यात लग्नाचे नकोत. "मला संगीताची लहानपणापासून आवड आहे" हे वाक्य तर मुळीच नको. उत्तर आलं नाही तर एकदा फोन करायचा, दुसऱ्यांदा नाही.

आणि मिळालाच पास, तर त्याचं आयुष्य पहिल्या तीन गाण्यांचं. फ्लॅश बंद, तीन गाणी झाली की बाहेर. हा नियम जगभर चालतो. म्हणजे हातात बारा-पंधरा मिनिटं, तीही धक्काबुक्कीत. मला आजवर दोनदाच मिळाला. पहिल्यांदा मी हावरटासारखी बरोबर मधोमध उभी राहिले आणि तीनही गाण्यांत गायकाच्या तोंडापुढचा माइक तेवढा छान टिपला. जरा बाजूला, माइक धरलेल्या हाताच्या उलट अंगाला उभं राहायचं असतं, हे बाउन्सरनं खांद्यावर हात ठेवला तेव्हा उमगलं. इंदोऱ्याच्या चौकात आठ-दहा कार्यक्रम काढून झाल्यावर गेले असते, तर ते तिथेच शिकले असते.

पैशांचं विचारायला सगळे लाजतात, म्हणून न विचारताच सांगते. पहिले दोन-तीन कार्यक्रम फुकट करा. पण ज्याच्या कार्यक्रमाला तिकीट आहे, त्याला सवय लावू नका. माझा असाच दिलेला एक फोटो पुढच्या वर्षी मला होर्डिंगवर दिसला, सिग्नलला गाडी थांबली तेव्हा. नाव नाही, फोन नाही. आयोजक म्हणाले, "अहो, आमच्याच कार्यक्रमाचा तर फोटो आहे!" 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 17 वं कलम काढून वाचलं तेव्हा कळलं, की नोकरीत नसताना, पैसे न घेता स्वतःहून काढलेल्या फोटोचा पहिला मालक फोटो काढणाराच असतो. गंमत अशी, की त्यांनी पैसे देऊन काढून घेतला असता आणि वेगळं काही ठरलं नसतं, तर मालक ते झाले असते. म्हणजे त्यांचा कंजूषपणाच माझ्या कामी आला. तरी भांडले नाही. पण आता फोटो पाठवतानाच व्हॉट्सअॅपवर एक ओळ टाकते, "बातमीसाठी वापरा, जाहिरातीसाठी आधी विचारा." तेवढंच लेखी पुरे.

कार्यक्रम कुठे कुठे होतात ते तुम्ही शोधालच. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह आहे, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे कार्यक्रम आहेत, लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह आहे. पेपरातलं "आज शहरात" रोज वाचा, अर्धा तास आधी पोहोचा आणि खुर्च्या लावणाऱ्या माणसाला विचारा, आयोजक कोण आहेत. तो नेमका माणूस दाखवतो.

आणि जायच्या आधी कॅमेऱ्याचा डायल एकदा बघून घ्या. ऑटोवर असेल तर फ्लॅश आपला आपणच उघडतो.