सहज वागायची प्रॅक्टिस

मेल आला तेव्हा मी खडेबाजारात मामाच्या दुकानात ताग्यांच्या आडोशाला बसून भडंग खात होते. एका मोठ्या रिटेल कंपनीचा ट्रेनी प्रोग्राम, त्याच्या निवडीचा ग्रुप असेसमेंट डे, बेंगळूरला, सकाळी साडेनऊला हजर, फॉर्मल कपडे, ओळखपत्र, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, की टेन्शन घेऊ नका, फक्त तुम्ही जसे आहात तसे वागा.

आता हे बेळगावच्या माणसाला सांगणं म्हणजे अवघडच. मी जशी आहे तशी म्हणजे कुठली? रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये भांडते ती, कॅम्पातल्या मैत्रिणीशी हिंदीत बोलते ती, की घरात आईसारखं 'मी येतो गं' म्हणून बाहेर पडते ती? (आमच्याकडं बायका-पोरी सर्रास येतो-जातो म्हणतात, पुण्याची मामी अजून हसते, हसू दे.) आणि तिथं तर इंग्लिशमध्ये बोलायचं, आणि इंग्लिशमध्ये मी जशी आहे तशी अजून मलाच नीट भेटलेली नाही.

तर मग तयारी. कॉलेजातली एक सिनियर असल्या दिवसाला जाऊन आलेली, तिनं फोनवर सगळं सांगितलं. आठ-दहा जणांचा ग्रुप करतात, टेबलावर काहीतरी काम देतात, कधी वर्तमानपत्राचा मनोरा बांधा, कधी दुकानाचा प्रॉब्लेम सोडवा, आणि कोपऱ्यात दोघंतिघं पॅड घेऊन बसलेले असतात ते काही बोलत नाहीत, नुसतं लिहितात. उत्तर बरोबर आलं की नाही यापेक्षा तुम्ही कसं वागलात ते बघतात. जास्त बोललं तरी गेलं, गप्प बसलं तरी गेलं. गप्प बसलेल्याला 'तुला काय वाटतं' असं विचारलं तर मार्क. खरं ते मार्कासाठी विचारलंय असं दिसता कामा नये. कांदेपोह्याच्या कार्यक्रमात ट्रे घेऊन येताना सहज चालायचं असतं ना, तसलं सहज.

मग एकेक प्रश्नाला 'स्टार'मध्ये उत्तर द्यायचं, म्हणजे सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट. 'अवघड गिऱ्हाईक कसं हाताळलं' याचं उत्तर लिहायला बसले आणि डोळ्यासमोर आला तो लग्नाचा बस्ता. ज्यानं दुकानात बसून बस्ता बघितला नाही त्याला ग्रुप एक्सरसाइज काय कळणार! पंचवीस माणसं एका ट्रॅक्समधून उतरतात, चपलांचा ढीग, बायका गादीवर, पुरुष खुर्चीवर पंख्याखाली. नवरीच्या काकूला इरकलच पाहिजे, नवरीला इरकल नकोच, नवऱ्याची बहीण प्रत्येक साडीला 'रंग जाईल काय वो' विचारते. सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्याकडं मामा अजिबात बघत नाही. त्याची नजर असते खांबाला टेकून बसलेल्या एखाद्या आत्तीकडं, जी अर्धा तास काही बोललेली नसते, नुसता पदर दोन बोटांत धरून सोडते. कुठल्या साडीकडं तिचा हात दुसऱ्यांदा गेला ते मामा बघून ठेवतो, ती साडी बाजूला ठेवतो, आणि तासाभरानं जेव्हा सगळी दमतात तेव्हा तीच पुन्हा उलगडतो. बस्ता ठरतो तो त्या आत्तीपाशी. आता यातलं माझं ॲक्शन काय? मी पाण्याचे ग्लास फिरवले आणि नापसंत साड्यांच्या घड्या घातल्या. तेच लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

गणिताची पण एक टेस्ट असते म्हणे. टक्केवारी, स्टॉक, डिस्काउंट. ५० टक्के सूट आणि त्यावर आणखी २० टक्के म्हणजे ७० नव्हे, ६०, हे दुकानात वाढलेल्याला शिकवायला लागत नाही. पण मार्जिनवर मात्र मामाचं आणि माझं वाजलं. ८०० ला आणलेली साडी १००० ला विकली तर नफा किती? मामा म्हणाला, रुपयाला चार आणे, म्हणजे पंचवीस टक्के. पुस्तक म्हणतं, मार्जिन वीस टक्के. दोघंही बरोबर, कारण मामा खरेदीवर मोजतो, कंपनी विक्रीवर मोजते, पण मामाला असं वाटायला लागलं की कंपनीत गेल्यावर माझा पाच टक्के पगार कुणीतरी मध्येच खाणार आहे. अजून त्याला तसंच वाटतंय.

मग रविवारी रात्री घरातच सराव ठेवला. चंद्रावर यान कोसळलंय, मुख्य यान दोनशे मैलांवर, जवळ पंधरा वस्तू आहेत, त्या महत्त्वाप्रमाणं लावा. नासाच्या नावानं हा खेळ जुना आहे, अशा ट्रेनिंगमध्ये कायम देतात. बरोबर उत्तरात ऑक्सिजन पहिला, पाणी दुसरं, आणि काडीपेटी शेवटी, कारण तिथं हवाच नाही तर काडी पेटणार कशी. वेळ वीस मिनिटं. धाकटा भाऊ वही घेऊन दिवाणावर परीक्षक.

आजीनं पहिल्याच मिनिटाला काडीपेटी एक नंबरवर ठेवली. 'काडीपेटी नाही तर चूल कसली आणि दिवा कसला.' मी म्हटलं, आजी, ॲक्चुअली तिथं हवा नाही. तर म्हणते, 'हवा नाही तिथं मग माणसं कशाला गेल्यात?' याच्यावर बाबा म्हणाले, मुद्दा बरोबर आहे. मामानं दोराला किंमत किती पडली असेल ते काढलं. दुधाची पावडर आहे म्हटल्यावर आई म्हणाली, मग पाणी आधी आणि पातेलं कुठाय, यादीत पातेलं नाही, असली कसली यादी. एवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि सभा बरखास्त. यादीत सहा वस्तू लावून झालेल्या, त्यातल्या चार आजीच्या.

भावाची वही नंतर बघितली. 'ताई: ॲक्चुअली ११ वेळा. मामाला दोनदा तोडलं. बाबांना काय वाटतं विचारलं खरं, पण उत्तर ऐकलं नाही.' आईसमोर लिहिलेलं, 'पातेल्याचा मुद्दा चांगला.' आणि खाली, 'आजीचं कुणीच पटवून देऊन बदललं नाही, नुसतं चूक म्हणून सांगितलं.' बारावीत आहे तो. मला जरा रागच आला त्याचा, पण तो शेवटचा मुद्दा रात्री झोपताना दोनदा आठवला.

मग तीन दिवस मी 'ॲक्चुअली' न म्हणता बोलायचा सराव केला. भाजीवालीशी केला, बँकेत केला, गल्लीत भेटेल त्याला 'तुम्हाला काय वाटतं' विचारलं. शेजारच्या काकांना उन्हाळ्याबद्दल काय वाटतं ते ऐकायला पाऊण तास गेला.

गाडी लेट झाली तर नको म्हणून एक दिवस आधीचंच तिकीट काढलेलं, रात्रीची राणी चन्नम्मा. बाबांनी स्टेशनवर कुंद्याचे दोन बॉक्स दिले, मैत्रिणीच्या पीजीसाठी. डब्यात आमच्या खणात आधीच गोंधळ. एका म्हाताऱ्या जोडप्याला दोन्ही वरचे बर्थ आलेले, त्यांचे गुडघे काही ऐकणारे नव्हते, एक पोरगा कानात इयरफोन घालून खालचा बर्थ धरून बसलेला, आणि माझा खालचा होता. मी मनात म्हटलं, हा बघ, आलाच की ग्रुप एक्सरसाइज. आधी सगळ्यांचं ऐकायचं, मग गप्प बसलेल्याला विचारायचं, मग तोडगा सुचवायचा. त्या पोराकडं वळून, हसून, तोंड उघडलं आणि म्हटलं, 'ॲक्चुअली...'

तेवढ्यात समोरच्या मावशींनी म्हाताऱ्यांना कन्नडमध्ये खाली बसवलं होतं, पोराच्या खांद्यावर टकटक करून हिंदीत त्याला वर पाठवलं होतं, आणि माझी बॅग उचलून समोरच्या वरच्या बर्थवर टाकली होती. 'तू पण वर जा गं, तुझे पाय तरुण हाईत.' लोंडा स्टेशन यायच्या आत सगळा डबा झोपला. मी वर पडून त्यांनी काय काय केलं ते वहीत लिहायला घेतलं, तर खालून आवाज आला, 'लाईट बंद कर की, जेवलीस न्हवं?'