नाडीचे बूट

क्योटोला निघण्याआधी आईने मला मेन रोडवरून नाडीचे बूट घ्यायला लावले. शाळेच्या सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या निमित्ताने मी आठ विद्यार्थ्यांना घेऊन जपानला जाणार होते, आणि शिक्षिकेने परक्या मुलखात चपला फटफटवत हिंडावे, हे पंचवटीत सारा जन्म काढलेल्या माझ्या आईला मान्य नव्हते. बूट काळे होते, चांगले होते आणि पायात घट्ट बसत होते. ज्या देशात माणूस दिवसभर बूट काढत आणि घालतच असतो, त्या देशात आपण चाललो आहोत, हे मात्र आम्हां दोघींच्याही ध्यानात आले नव्हते.

पहिल्या दिवसाचा कार्यक्रम छापून हाती आला, तेव्हा त्यात ‘दहाच्या सुमारास’ असे कुठेच नव्हते. ९ वाजून ४० मिनिटे, ११ वाजून २५ मिनिटे, असा सगळा रोखठोक मामला होता. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. त्यामुळे सकाळी सात वाजता यजमानांच्या दारात वाकून मी नाड्या बांधत होते, तेव्हा माझे अर्धे अंग नाशिकच्या पहाटे साडेतीनला झोपलेलेच होते.

शाळेच्या प्रवेशदारातच बुटांच्या कप्प्यांची भिंत होती. तिथली मुले बाहेरचे बूट कप्प्यात ठेवतात आणि वर्गात वापरायचे वेगळे हलके बूट पायांत सरकवून, न थांबता पुढे जातात. वर्गाची झाडपूस मुले स्वतःच करतात, हे कळल्यावर फरशीविषयीच्या त्यांच्या आस्थेचे मला फारसे नवल वाटले नाही. नवल वाटले ते माझ्या गाठीचे, कारण ती सुटत नव्हती आणि त्यांचे शिक्षक अतिशय नम्रपणे घड्याळाकडे न पाहण्याचा प्रयत्न करीत होते.

तिथून निजो किल्ल्यात गेलो. तोकुगावा इएयासू या जपानच्या तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाने १६०३ मध्ये उभारलेल्या या किल्ल्यातल्या महालात बूट काढूनच शिरावे लागते, आणि तिथल्या लाकडी वाटांवरून चालताना फळ्यांखालचे लोखंड घासून पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा आवाज येतो. चोरपावलांनी येणारा शत्रू कळावा म्हणून ही युक्ती केली होती, असे सांगतात. माझी मुले इतकी खूश झाली की कुठे जोरात वाजते ते शोधत तीच वाट मागेपुढे चालत राहिली. त्यांना पुढे काढण्यात जी चार मिनिटे गेली, ती मी बाहेर येऊन नाड्या नुसत्या बुटांत खोचून भरून काढली. रयोआन-जी मंदिरातल्या वाळूच्या बागेत पंधरा दगड आहेत आणि कुठेही बसले तरी त्यांतला एक तरी नजरेआड राहतो. मी चौदा मोजले आणि उरलेल्याच्या नादी न लागता उठले, कारण परतीच्या बुटांना वेळ लागणार होता. संध्याकाळी चहाच्या विधीत गुडघे दुमडून बसताना पायांना मुंग्या आल्या, पण निदान पाय मोकळे होते.

रात्री यजमानांच्या घरी परतले. दारातून आत शिरल्यावर जमिनीचा एक सखल तुकडा असतो, त्याला गेंकान म्हणतात. तिथे बूट काढून पायरीभर उंच घरात चढायचे. दमलेली मी बूट तसेच टाकून आत गेले. पाणी पिऊन मागे वळून पाहते, तर घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या आजी खाली बसून माझे बूट दोन्ही हातांनी उचलत होत्या. त्यांनी ते जवळ जवळ मांडले, त्यांची तोंडे दाराकडे केली आणि आत राहिलेल्या नाड्या बाहेर काढून ठेवल्या.

मी धावलेच. आपल्याकडे थोरांच्या पायांना हात लावावा. त्यांनी आपल्या पायताणाला हात लावला तर कुठे तोंड लपवावे तेच कळत नाही. उलटी पडलेली चप्पल घरात भांडण लावते, यापलीकडे चपलेचे शास्त्र मला कोणी शिकवले नव्हते. काळाराम मंदिराच्या दाराशी उभी असताना माझे हात देवाकडे आणि लक्ष चपलांकडे असते, ते त्या चोरीला जाऊ नयेत म्हणून. ‘आजी, नको, नको,’ असे मी चक्क मराठीत म्हणाले. त्यांना मी आभार मानते आहे असे वाटले असावे, कारण त्यांनी वाकून मला नमस्कार केला आणि माझी पंचाईत दुप्पट झाली. पाहुणा निघताना त्याला वळावे लागू नये, म्हणून बूट असे ठेवतात, हे मला त्यांच्या नातीने समजावले. निघण्याची सोय आल्या आल्या करून ठेवायची, हे मला आधी थोडे कोरडे वाटले होते. त्या नाड्या पाहिल्यावर तसे वाटेना.

त्याच वर्षी ती नात देवाणघेवाणीत आमच्या घरी पंचवटीत आली. पहिल्या संध्याकाळी ती ओट्यावरून आत येईना, म्हणून आई पाहायला गेली, तर मुलीने आमच्या घरच्या झाडून साऱ्या चपला, शेजारच्या काकूंच्यासुद्धा, ओळीने पायरीकडे तोंड करून मांडल्या होत्या. ‘अगं बाई, पाहुणीने चपलांना हात लावला!’ म्हणून आईने तिला आधी हात धुवायला नेले.

सकाळी बाबा दुधाला निघाले. त्यांनी वर्षानुवर्षांच्या सवयीने, खाली न पाहता, अंगठ्याने चप्पल गर्रकन फिरवली. ती पुन्हा घराकडे तोंड करून बसली, आणि बाबा एक पाय उचलून चप्पल चाचपडत राहिले.