वांगी चिरायची रात्र

आमच्या गावची पुण्यतिथी कापूस घरात आल्याशिवाय होत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला गेले, आणि गुरुकुंज मोझरीचा मोठा उत्सव अश्विन वद्य पंचमीच्या सुमारास असतो. पण त्या दिवसांत सोयाबीन सोंगायचं, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, फुटायला लागलेली. बायांना मान वर करायला सवड नसते. म्हणून अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यातल्या आमच्यासारख्या गावांत महाराजांनीच उभ्या केलेल्या गुरुदेव सेवा मंडळाची पुण्यतिथी पौष-माघात धरतात. तूर सोंगून झालेली असते, वांगी भरात असतात आणि पहाटे हुडहुडी भरते.

माझ्यासाठी मात्र ती आदल्या रात्रीच सुरू व्हायची. मंडळाच्या सभामंडपामागं ताडपत्री अंथरायची, मध्ये वांग्यांचा ढीग, बाजूला मिठाच्या पाण्याचे गंज, आणि चहूबाजूंनी विळ्या घेऊन बसलेल्या गावच्या बाया. माझी माय त्या गोलात बसली की वेगळीच होऊन जायची. एरवी तिला बोलायला वेळच नव्हता. दिवसभर वावर, संध्याकाळी चूल. जे काही तिच्या लहानपणाचं मला माहीत आहे, ते सगळं मी त्या ताडपत्रीवर ऐकलेलं आहे, वर्षातून एका रात्री, थोडं थोडं.

माय वावरात वाढली. हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. आबाजींचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, वावर गावापासून दूर, नाल्याच्या पलीकडं. पावसाळ्यात नाला चढला की जाणं-येणं बंद, म्हणून पेरणीपासून ज्वारी निघेपर्यंत सगळं बिऱ्हाड वावरातल्या खोपडीतच राहायचं. माय सात-आठ वर्षांची होती तेव्हापासून मचाणावर बसायची, गोफण घेऊन. कणसात दूध भरलं की पाखरांचे थवेच्या थवे उतरायचे. "पाखरं सूर्याच्या आधी येतात व," ती सांगायची, "म्हून मी त्याइच्याही आधी उठो." तिची पहाटे चारची उठण्याची सवय तिथली. शेवटपर्यंत सुटली नाही.

शाळा तिसरीत सुटली. एका वर्षी पूर ओसरायला आठ दिवस लागले, मग निंदणाची घाई आली, मग कापूस. कोणी काढून घेतलं नाही, ती आपोआप राहूनच गेली. याचं तिला फार वाटायचं. सांगताना तिची विळी थांबायची. वाचायला ती शिकली ती लग्न होऊन या गावात आल्यावर, आणि शिकली ती मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेतून. रोज संध्याकाळी ऐकून प्रार्थना पाठ झालेली होतीच. मग तिनं प्रार्थनेची चोपडी घरी आणली, आणि पाठ असलेला एकेक शब्द म्हणत त्याच्यावर बोट ठेवत गेली. कोणता आवाज कोणत्या अक्षराचा, हे असं उलटीकडून तिनं जुळवलं. मी पुढं बारा वर्षं शाळेत शिकवलं, पण एवढ्या हिमतीचा विद्यार्थी मला भेटला नाही.

सरकीची गोष्ट तर दरवर्षी व्हायची. त्या काळी घरचंच बियाणं. सरकीला बारीक रुई चिकटून असते, त्यामुळं दाणे एकमेकांना धरून बसतात. ते शेण-मातीच्या काल्यात चोळून वाळवायचे, म्हणजे सुटे होतात. आबाजी औत धरायचे आणि माय मागून सरत्यावर, म्हणजे औतामागच्या पेरायच्या नळीवर, चालायची. मुठीतून एकेक दाणा असा सोडायचा की दाटही होऊ नये आणि खांडही पडू नये. दोन भाऊ असून आबाजींनी सरता तिच्याच हाती दिला होता. हे सांगताना ती मूठ करून दाखवायची, अंगठा कसा हलवायचा ते. चिरलेल्या वांग्याचा काळा डाग त्या अंगठ्यावर.

तीच मूठ दुसऱ्या दिवशी पंगतीत दिसायची. बुंदी वाढायला मंडळ मायलाच उभं करायचं. हजारावर माणसं जेवून उठायची, पण पहिल्या पानावर जेवढी बुंदी तेवढीच शेवटच्या. वर पाहायची नाही ती, पान कोणाचं आहे ते. आमच्या गावात हे साधं नव्हतं. मला आजही या एका गोष्टीचा सगळ्यात जास्त अभिमान आहे.

पुण्यतिथीचा दिवस सगळ्यांच्या ओळखीचा. पहाटे रामधून, म्हणजे भजनं म्हणत निघणारी गावफेरी, त्याआधी दारोदारी सडा-रांगोळी, गल्ली झाडून लख्ख. मग पालखी, काल्याचं कीर्तन. संध्याकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी, महाराज गेले त्या वेळेला, मौन श्रद्धांजली. खंजिऱ्या थांबायच्या, भोंगा थांबायचा, रडणारी लेकरंही का कोण जाणे गप्प व्हायची. माय त्या वेळी अधिष्ठानाकडं, म्हणजे महाराजांच्या मांडलेल्या आसनाकडं नाही, खाली जमिनीकडं पाहायची. एकदा विचारलं तर म्हणाली, महाराज गेल्याचं वावरात दुसऱ्या दिवशी कळलं होतं, आणि आबाजींनी भर दुपारी बैल सोडून दिले होते. त्यांना तिनं असं कधीच पाहिलं नव्हतं.

अधिष्ठानापुढच्या समईच्या वाती मायच्या असत. आमच्या परसात देवकापसाचं झाड आहे, दोन माणसं उंच. त्याची बोंडं ती वेचून ठेवायची, सरकी हातानं काढायची आणि पुण्यतिथीच्या आठ दिवस आधीपासून मांडीवर वाती वळत बसायची. मला वाटायचं ते झाड आजेसासूच्या काळचं असेल. घराइतकं जुनं.

माय गेली त्या वर्षी मी पुण्यतिथीला माहेरी जावं की नाही, हेच ठरत नव्हतं. शेवटी गेले. रात्री ताडपत्रीवर बसले, आणि बायांनी तिची जागा तशीच रिकामी सोडलेली दिसली. कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा कोणीच बोलेना. मग एकीनं मचाणाची गोष्ट काढली, दुसरीनं तिला अडवलं, "तसं नाही व, गोफण तिच्या भावाची होती, तिनं चोरली होती." मग सुरूच झालं. सीतादहीच्या दिवशी पहिल्या वेच्याआधी पऱ्हाटीपुढं दही-भात ठेवताना माय काय पुटपुटायची, यावरून तर दोघींचं जुंपलंच.

तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "अन् ते देवकापसाचं झाड? ते तुह्या मायनं माहेराहून आणलं. लग्नाच्या लुगड्याच्या गाठीत सरकी बांधून. आबाजीच्या धुऱ्यावरचं होतं ते. पहिलं वर्ष सासूच्या चोरून पाणी घाले रातच्यानं."

मी विळी खाली ठेवली. पंचेचाळीस वर्षं त्या झाडाखाली वावरले आणि हे मला ठाऊक नव्हतं.

पहाटे रामधून निघायच्या आधी बॅटरी घेऊन परसात गेले. बोंडं फुटलेली होती. हाताला लागली तेवढी ओटीत घेतली, आणि समईपुढं बसून मांडीवर वात वळायला लागले. पहिली दोन तुटली.