नववी ओळ

आमची लेक टोरांटोहून बोलू लागली की चौथ्या-पाचव्या मिनिटाला तिचा चेहरा थिजत असे. इथे रात्रीचे साडेनऊ, तिकडे उन्हाळ्यात भर दुपारचे बारा. त्या वेळी ती आईला व्हिडिओ कॉल लावते, आमची ही हॉलमधल्या टॅबसमोर बसते, नातवाच्या नव्या दाताची बातमी अर्ध्यावर येते आणि पडद्यावर लेकीचे तोंड उघडे ते उघडेच राहते. मग तुटक आवाजात "बाबा, तुमचं नेट" एवढे ऐकू येई आणि पुढचे वाक्य अटलांटिकमध्ये कुठेतरी बुडे. रोज असे झाले असते तर एकवेळ परवडले असते. पण आठवड्यातून तीन-चार दिवसच व्हायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्पीड टेस्ट लावली की ठरलेले ४० एमबीपीएस बिनतक्रार हजर. दुखरा दात डॉक्टरांच्या खुर्चीत बसताच शांत व्हावा, तशातली ही गत.

तक्रार नोंदवल्यावर तिसऱ्या दिवशी कंपनीचा मुलगा आला. भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीवरचा लाल दिवा लागलेला नाही हे त्याने पाहिले, पिवळी वायर काढून हातातल्या मीटरला लावली आणि "मायनस एकोणीस, एकदम ओके आहे काका," असा निर्वाळा दिला. काचेच्या तंतूतून घरापर्यंत किती प्रकाश पोहोचतो याचे ते माप असते, आणि आकडा उणे सत्तावीसच्या खाली घसरला तर डबीला तो प्रकाश नीट वाचता येत नाही, हे त्याने चहा पिता पिता समजावून दिले. जाताना मात्र त्यानेही राउटर एकदा बंद करून चालू केला. त्या धंद्यातला तो नमस्कारच असावा.

लाइन चांगली असेल तर दोष वायफायचा, असे मी ठरवले. आमची इमारत दादरच्या जुन्या वस्तीत उभी राहिलेली, भिंतीला भिंत लागून घरे. फोनवर शोधले तर तेवीस वायफाय दिसली. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात पाय न घालणारे चॅनेल तीनच असतात, १, ६ आणि ११. त्यात तेवीस घरे म्हणजे सकाळी सव्वानऊची विरार फास्ट. शिवाय मायक्रोवेव्हही साधारण त्याच लहरींवर चालतो, त्यामुळे कोणाच्या घरी भात गरम होत आहे याचा हिशेबही मी काही दिवस मनात ठेवला. शेवटी टॅब ५ गिगाहर्ट्झवर नेला. चेहरा थिजायचा तो थिजलाच.

येथपर्यंत माणूस शहाणा असतो. यापुढे त्याला शेजाऱ्यांचा संशय येऊ लागतो.

राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी मिळते, हे मला कळले तो दिवस काही बरा नव्हता. यादीत नऊ ओळी होत्या. दोन फोन, टॅब, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर आणि सेट-टॉप बॉक्स अशा सात मी ओळखल्या; आठवीवर 'एस्प्रेसिफ' असे नाव होते आणि नवव्या ओळीला नावच नव्हते, नुसती बारा अंक-अक्षरांची माळ. एस्प्रेसिफ ही शांघायची चिप बनवणारी कंपनी आहे एवढे शोधल्यावर माझी झोप उडाली. २०२० च्या टाळेबंदीत शेजारच्या मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी मी आमचा पासवर्ड दिला होता, तेही आठवले. माझ्याच लहानपणी आख्ख्या चाळीत एक फोन असे, आणि वडील ऑफिसात पुढे 'पी.पी.' लिहून शेजारच्यांचा नंबर देत, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, ते बोलावून देतील. रात्री दहा वाजता कोणी फोन करून आम्हाला बोलवायला सांगितले, तरी शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारत आणि आम्ही बोलत असताना भाजी निवडत बसत. त्याच चाळीत वाढलेला मी आता शेजारचे पोर माझ्या मेगाबाइट खाते की काय म्हणून पासवर्ड बदलत होतो.

बदलला. सकाळी साडेसहाला अंगावर पहिला तांब्या घेतला आणि ओरडलो, कारण पाणी नळाचे होते तसेच गार होते. लेकीने मागच्या दिवाळीत गीझरला लावून दिलेला, पहाटे आपोआप चालू होणारा तो स्मार्ट प्लग. त्याच्या पोटात शांघायची चिप होती, आणि नवा पासवर्ड त्याला कोणी सांगितलाच नव्हता.

यावर गप्प बसायचे, तर मी लॅपटॉपवर नेटस्टॅट ही आज्ञा चालवली. आपला संगणक या क्षणी कोणाकोणाशी जोडलेला आहे हे ती दाखवते, आणि काहीही उघडलेले नसताना साठ-सत्तर ओळी झरझर खाली येतात तेव्हा पोटात गोळा येतो. त्यातल्या कितीतरी ओळींवर १२७.०.०.१ हा पत्ता होता. चौकशी केली तेव्हा कळले की तो पत्ता म्हणजे संगणक स्वतःच. आतले दोन प्रोग्राम आपसात बोलतात ते याच पत्त्यावरून. साठीनंतर मीही स्वयंपाकघरात तेच करतो, म्हणून त्या ओळी सोडून दिल्या. पोर्ट म्हणजे अशा जोडणीची नंबर असलेली खिडकी; ४४३ नंबरच्या पोर्टवरची जोडणी म्हणजे बहुधा एखादी साधी सुरक्षित वेबसाइट. राउटरच्या नोंदीत मात्र १७ ने सुरू होणारे पत्ते ५२२३ नंबरच्या पोर्टवर अहोरात्र जोडलेले दिसले, आणि यावेळी चोर सापडला अशी माझी खात्री झाली. प्रत्यक्षात १७ ने सुरू होणारे सगळेच्या सगळे, म्हणजे १ कोटी ६७ लाखांवर पत्ते, एकट्या ॲपल कंपनीचे आहेत, आणि ५२२३ ही आयफोनला निरोप पोचवणारी खिडकी आहे. हिचा फोन आयफोन आहे.

खरी चूक याच तपासात, जाता जाता सापडली. ज्या पानावर बसून मी हा पंचनामा करत होतो, ते पान 'ॲडमिन' या नावाने आणि 'ॲडमिन' याच पासवर्डने उघडत होते, बसवल्या दिवसापासून. दाराला सेफ्टी डोअर, गेटवर वॉचमनची वही, आणि घरात आत ही अवस्था. २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून आलेल्या अशाच साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या घोकून जगभरचे कॅमेरे आणि राउटर आपल्या फौजेत ओढले होते, आणि २१ ऑक्टोबरला त्या फौजेच्या माऱ्याने अमेरिकेत कितीतरी मोठ्या वेबसाइट काही तास उघडत नव्हत्या. तो पासवर्ड मी त्याच रात्री बदलला आणि बाहेरून राउटर हाताळण्याची सोयही बंद केली. या सगळ्या खटाटोपातले उपयोगाचे काम तेवढेच, आणि त्याचा लेकीच्या चेहऱ्याशी काडीचा संबंध नव्हता.

तो संबंध पिंगने दाखवला. माइक म्यूस या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३ साली लिहिलेला हा छोटासा प्रोग्राम. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याने हे नाव ठेवले. एक हाक द्यायची आणि प्रतिसाद किती मिलिसेकंदांनी येतो ते मोजायचे. एका मंगळवारी रात्री नऊ वाजता लॅपटॉप वायरने राउटरला जोडून मी दोन खिडक्या उघडल्या. एकीतून राउटरलाच हाक, दुसरीतून बाहेर ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला. राउटर १ मिलिसेकंदात ओ देत होता, बाहेरचा ५ मध्ये. ही टॅबसमोर बसली, कॉल लागला, हसणे-बोलणे सुरू झाले. नऊ चौतीसला बाहेरचा आकडा ५ वरून १८० झाला, मग ३८०, मग ६१०. राउटरचा आकडा १ च. म्हणजे बिघाड घराच्या आत नव्हता आणि बाहेरही नव्हता, नेमका उंबरठ्यावर होता. मी घरभर पाहिले. हिचा फोन बेडरूममध्ये नुकताच चार्जिंगला लावलेला होता. तो विमान मोडवर टाकला आणि धावत परत आलो, तो आकडा पुन्हा ५.

चार्जिंगला लागला आणि वायफाय मिळाले की तो फोन दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेई, आणि आमची अपलोडची सगळी वाट एकटाच अडवे. नेटवर माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून जाते. राउटर बिचारा एकही पाकीट टाकून द्यायला तयार नसतो, तो सगळी आपल्या पोटात रांगेत उभी करतो. पाठवणाऱ्याला मात्र पाकीट हरवले तरच कळते की आपण घाई करत आहोत, म्हणून तो पाठवतच राहतो. गणपतीला गावी जायची साऱ्या चाळीची तिकिटे एकट्याने खिडकीवर काढायला घ्यावीत आणि त्यामागे ठाण्याचे एक तिकीट हवे असलेल्या माणसाने ताटकळावे, तसा आमचा आवाज त्या रांगेत मागे उभा राही. जिम गेटिस या अनुभवी प्रोग्रामरला २०१० च्या सुमारास हाच अनुभव स्वतःच्या घरी आला आणि त्याने या दुखण्याला बफरब्लोट असे नाव दिले. मी राउटरमध्ये शिरून त्या फोनच्या अपलोडला १० एमबीपीएसची मर्यादा घातली. आता रात्री आकडा पंधरा-वीसच्या वर जात नाही. फोनमध्ये रोज एवढे काय साठते म्हणून पाहिले तर नातवाचे व्हिडिओ होते, लेकीनेच दुपारभर पाठवलेले.

राहिली नववी ओळ. फोन हल्ली आपला खरा हार्डवेअर पत्ता लपवून बनावट पत्ता सांगतात, आणि माळेतले दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता बनावट समजावा. नववीचे दुसरे अक्षर ई होते. पासवर्ड बदलल्यावर ती ओळ गेली होती, आणि गुरुवारी सकाळी अकराला पुन्हा उगवली. जुन्या कालनिर्णयच्या पाठीवर मी आठ यंत्रांची नावे लिहून ठेवली होती, तो कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

"हा कोणाचा फोन असेल गं?"

"मावशींचा असेल," भांडी घासणाऱ्या मावशींकडे मान करून ही म्हणाली. "त्यांच्या सुनेचा व्हिडिओ कॉल येतो गावाहून. मी दिलाय पासवर्ड."

"अगं, पण मी बदलला ना!"

"अहो, मग नवाच दिला. जुना देऊन काय उपयोग?"

मी फ्रिजवरचे पेन काढले आणि नवव्या ओळीसमोर लिहिले: मावशी, पी.पी.