सात नंबरचा पांढरा

जीडब्ल्यू-बेसिक या जुन्या पीसीवरच्या प्रोग्रॅमिंग भाषेची हुबेहूब नक्कल करणारा 'पीसी-बेसिक' हा प्रोग्रॅम मी अधूनमधून लॅपटॉपवर उघडून बसतो. परवा गंगापूर रोडच्या घरी तो उघडला असता, शेजारी येऊन बसलेल्या भाच्याने "मामा, ब्राइटनेस कमी आहे का?" असे विचारले आणि इतक्या वर्षांत प्रथमच मला त्या अक्षरांचा मळकटपणा जाणवला. आज्ञेची वाट पाहताना बेसिक काळ्या पडद्यावर दाखवते ते 'ओके' पांढरे आहे, अशीच माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते राखाडी आहे.

त्यामागे साधी बेरीज आहे. आयबीएम पीसीच्या सोळा रंगांत निळ्याचा 1, हिरव्याचा 2 आणि तांबड्याचा 4. तिन्ही एकत्र लावले की 7 होतात, पण उजळपणाचे 8 वेगळे मोजावे लागतात आणि ते मिळवल्यावरच 15 नंबरचा खरा शुभ्र रंग उमटतो. बेसिक सुरू होताच आपल्याला मिळतो तो 'कलर 7, 0' (पहिला आकडा अक्षरांचा, दुसरा पार्श्वभूमीचा), म्हणजे स्वच्छ धुतलेले, पण नीळ न दिलेले धोतर. या हिशेबात 6 नंबरला मळका पिवळाच यायला हवा होता. परंतु आयबीएमच्या रंगीत मॉनिटरमध्ये तेवढ्या एका रंगापुरता हिरवा कमी करण्याची सोय केलेली असल्याने तो तपकिरी दिसे. एका रंगाचे एवढे लाड कुणी का पुरवले असतील, याचे मला अजून कौतुक वाटते.

त्या काळच्या इतर घरगुती कॉम्प्युटरांच्या घराण्यांचे रिवाज निराळे होते. 1982च्या कमोडोर 64वर गडद निळ्यावर फिकट निळी अक्षरे येत. त्याच वर्षीच्या झेडएक्स स्पेक्ट्रमने अक्षरांच्या रंगाला 'इंक' आणि पार्श्वभूमीला 'पेपर' म्हटले, आणि तिथे तोच 7 नंबर कागदाच्या वाट्याला गेला. शाई काळी, 0 नंबरची.

मी शिकलो तो क्लास रविवार कारंजाजवळच्या एका माडीवर होता. रंगीत मॉनिटर एकच, तोही सरांच्या केबिनमध्ये. आम्हा मुलांसाठी अंबर, म्हणजे पिवळसर नारिंगी, अशा एकाच रंगाचे पडदे. सरांच्या मशीनवर मी मोठ्या हौसेने निळ्या अक्षरांत लिहिलेले माझे नाव बाहेरच्या मशीनवर आणले, तेव्हा निळा तर दिसला नाहीच, उलट नावाखाली एक रेघ मात्र आली. अशा पडद्याला चित्र पुरवणाऱ्या एकरंगी कार्डावर 1 नंबरचा अर्थच अधोरेखन होता, हे मला पुढे बऱ्याच काळाने कळले. त्या दिवशी मी रुमालाने पडदा पुसत बसलो होतो.

क्लास सुटताना 'कलर 0, 0' देऊन उठणे, ही आमच्यातली ठरलेली खोडी होती. काळ्यावर काळी अक्षरे उमटत असल्याने पुढच्या बॅचच्या मुलाला मशीन बिघडले असेच वाटे. एकदा त्या जागी मीच येऊन बसलो आणि घाबरून सरांना हाक मारली. सरांनी हातातला चहाचा ग्लास खाली न ठेवता, उभ्या उभ्या एका हाताने, काहीही दिसत नसताना, कलर, एक जागा सोडून सात, असे टाइप करून एन्टर दाबले आणि मला म्हणाले, "बस आता. आणि काल तू कोणत्या मशीनवर होतास, ते मला ठाऊक आहे."