आमची वाटचाल : तक्रारवहीतून घडलेले खाद्य

नागपूरच्या मानेवाडा-बेसा परिसरातील आमच्या कोंबडीखाद्याच्या दुकानात गल्ल्याच्या उजव्या बाजूला एक लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही ठेवलेली असते. नवखा ग्राहक तिला उधारीची वही समजतो, पण तिच्यात केवळ तक्रारी आहेत. कोंबडीने अंडी देणे थांबवले अशी तक्रार आली की तारीख, कोंबड्या किती, कोणत्या जातीच्या, त्यांना काय खायला घातले जाते आणि अंडी केव्हापासून कमी झाली, एवढे लिहून घेतल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही, हा नियम माझ्या पत्नीने घालून दिला. आमचा व्यवसाय कसा वाढला असे कुणी विचारले तर मी ही वहीच पुढे करतो.

मुळात ही वडिलांची पिठाची गिरणी होती. गहू, ज्वारी दळायची आणि कोंडा, तुरीची चुनी, ढेप आसपासच्या गोठ्यांना विकायची, असा तो साधा धंदा होता. पुढे शेतांचे ले-आउट पडले, गोठे हलले आणि ढेपेचे गिऱ्हाईक संपत आले. मात्र नव्या घरांच्या मागच्या अंगणात आठ-दहा कोंबड्या पाळणारी मंडळी वाढू लागली. ती येऊन तांदळाची कणी मागत असत, आणि भंडारा-गोंदियाच्या भात गिरण्यांमुळे कणी आमच्याकडे स्वस्तात येत असे. दोन वर्षे आम्ही कोंबडीचे खाद्य म्हणून कणीच विकली आणि त्यात काही चुकते आहे असे आम्हाला कधी वाटलेही नाही.

वहीतील पहिल्या पानावरची तक्रार त्याच काळातली आहे. "दाना तर पोटभर खाते जी, पण अंडं हातात घेतलं का फुटते." त्या बाईंनी आणलेले अंडे मी स्वतः हातात घेतले होते. त्याचे कवच कागदासारखे लवत होते आणि अंगठ्याचा नुसता ठसा उमटला तरी आत दबत होते. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे विचारायला लांब जावे लागले नाही. तिथे जे समजले त्याने आमच्या धंद्याची दिशाच बदलली. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते. कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाद्य खाते, आणि त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असले तर तिच्या पोटात चार ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जाते, पण त्यातले निम्म्याच्या आसपासच शरीराला लागते. म्हणजे हिशेब जेमतेम जुळतो. कणीमध्ये कॅल्शियम जवळजवळ नसतेच. अशा वेळी कोंबडी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून कवच बनवते, आणि तेही पुरेनासे झाले की पातळ कवचाची अंडी देते किंवा अंडी देणेच थांबवते.

त्यानंतर आम्ही स्वतःचे मिश्रण तयार करू लागलो. शंभर किलोमध्ये 55 किलो मका, 24 किलो सोयाबीन पेंड, 10 किलो भाताचा कोंडा, कॅल्शियमसाठी 9 किलो शिंपला आणि उरलेल्या दोन किलोत डायकॅल्शियम फॉस्फेट, मीठ आणि खनिज-जीवनसत्त्वांचे मिश्रण, असे प्रमाण आजही थोड्याफार फरकाने तेच आहे. सोयाबीन विदर्भात उदंड पिकत असल्यामुळे काही ग्राहक घरचे कच्चे सोयाबीन भरडून घालत असत. तसे करू नये हे पटवायला फार वेळ लागला, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारा घटक असतो आणि तो उष्णतेनेच निष्क्रिय होतो, ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही.

आमच्याकडे गिरणी होती, आणि गिरणीवाल्याला जे दिसेल ते बारीक दळावेसे वाटते. शिंपलाही आम्ही पिठासारखा दळून खाद्यात मिसळत होतो आणि त्या बारीकपणाचा आम्हाला अभिमान होता. तरीही पातळ कवचाच्या तक्रारी पूर्णपणे थांबल्या नाहीत. पत्नीने वही चाळून दाखवले की कोंबड्या सकाळीच टोपले रिकामे करून टाकतात आणि संध्याकाळी त्यांना केवळ कणी किंवा भाजीची देठे मिळतात, अशा घरांतूनच या तक्रारी येत होत्या. कारण पुढे लक्षात आले. कवच चढण्याचे काम सुमारे वीस तास चालते आणि त्यातला बराच भाग रात्री, कोंबडी दांडीवर झोपलेली असताना पार पडतो. सकाळी खाल्लेले शिंपल्याचे पीठ तोवर पोटातून निघून गेलेले असते. उलट, भरड शिंपल्याचे खडे पेषणीत, म्हणजे कोंबडीच्या पोटातल्या दाणे भरडणाऱ्या पिशवीत, अडकून राहतात, हळूहळू विरघळतात आणि रात्रभर कॅल्शियम पुरवत राहतात. आम्ही शिंपल्याचे दळण थांबवले, ज्वारीच्या दाण्याएवढी भरड ठेवली आणि ती वेगळ्या पुडीत, संध्याकाळी वेगळ्या वाटीत ठेवायला सांगून देऊ लागलो. "हे तर दळलंच नाही, आणि पैसे तेवढेच?" हे वाक्य पुढचे सहा महिने आम्ही रोज ऐकले.

एक चूक मात्र पूर्णपणे आमची होती आणि ती लिहिल्याशिवाय हा वृत्तांत खरा होणार नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य चांगले, तर पिलांनाही तेच द्यावे, असे मी एका ग्राहकाला सांगितले. त्याची दोन महिन्यांची चौदा पिले हळूहळू मलूल झाली आणि त्यातली नऊ दगावली. पशुवैद्यकांनी एक पिलू उघडून दाखवले तेव्हा मूत्रपिंडे सुजलेली होती आणि त्यांवर चुन्यासारखी पांढरी रेघ होती. वाढत्या पिलाला एक टक्क्याच्या आसपास कॅल्शियम पुरते. त्याच्या चौपट त्याच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. पिलांची भरपाई आम्ही केली, पण तेव्हापासून तलंगेने, म्हणजे तरुण कोंबडीने, पहिले अंडे देईपर्यंत तिला अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य द्यायचे नाही, हे पोत्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते.

काही तक्रारींचा खाद्याशी संबंधच नसतो, आणि ते ग्राहकाला सांगणे म्हणजे स्वतःची विक्री स्वतःच रोखणे. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी चौकटी आखलेला तक्ता आणला होता. कोंबडी सोमवारी सातला, मंगळवारी आठला, बुधवारी साडेनऊला, असे करत शनिवारी दुपारी अंडे देते आणि रविवारी देतच नाही, म्हणजे शनिवारच्या खाद्यात काहीतरी खोट आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तक्ता अगदी अचूक होता. एक अंडे तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात, त्यामुळे वेळ रोज पुढे सरकते. ती दुपारनंतर गेली की कोंबडी एक दिवस गाळते आणि पुन्हा सकाळपासून सुरुवात करते. काकांना हे पटले, पण रविवारच्या सुट्टीचा तक्ता त्यांनी पुढेही चालू ठेवला.

डिसेंबरातल्या तक्रारींचे कारण उजेडात असते. अंडी नियमित यायला कोंबडीला 14 ते 16 तासांचा उजेड लागतो, आणि त्या महिन्यात नागपूरचा दिवस जेमतेम 11 तासांचा असतो. त्याच सुमारास बऱ्याच जुन्या कोंबड्या पिसे गाळतात, आणि खाल्लेले प्रथिन पिसांकडे जाते. खुराड्यात दिवा लावायचा असेल तर तो पहाटे लावावा, असे आम्ही सुचवतो, कारण रात्री दिवा अचानक मालवला तर कोंबड्यांना दांडी सापडत नाही आणि त्या जमिनीवरच बसून राहतात. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीविषयी विदर्भातल्या कोणत्याही आजीला आमच्यापेक्षा अधिक कळते, त्यामुळे तिथे आम्ही बोलत नाही.

मे महिना वेगळा. पारा 45 अंशांच्या पुढे गेला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते, कारण तिला घाम येत नाही. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि कवचासाठी लागणारा कार्बोनेटही त्यामुळे कमी पडतो. शिवाय ती 110 ऐवजी 80 ग्रॅमच खाते, म्हणजे वर मांडलेला जेमतेम जुळणारा हिशेब कोलमडतो. यावर आम्हाला खाद्यात फारसा उपाय सापडलेला नाही. पहाटे चार-पाचच्या सुमारास आणि दिवस मावळल्यावर खायला घालणे, मातीच्या पसरट भांड्यांत सावलीत थंड पाणी ठेवणे आणि ते दुपारी दोनदा बदलणे, हे आम्ही सांगतो. त्या दिवसांत आमची विक्री घटते. पावसाळ्यात ओल धरलेल्या मक्याला बुरशी लागते, म्हणून जून ते सप्टेंबर पोती कमी भरतो आणि माल आठवड्याच्या आत संपवतो. कळमन्याच्या बाजारातून मका आणताना मूठभर दाणे दाताखाली फोडून पाहण्याची वडिलांची सवय माझ्या मुलानेही उचलली आहे.

आज आमच्याकडे पिलांचे, वाढत्या तलंगांचे आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे असे तीन प्रकारचे खाद्य, भरड शिंपला, आणि संत्र्याच्या लाकडी पेट्यांपासून केलेली अंडी घालण्याची घरटी मिळतात. या घरट्यांचा व्यवसाय वहीतील एका तक्रारीतून सुरू झाला. होळीच्या आधी एक काकू आल्या आणि सहा तलंगांपैकी एकीने तीन आठवड्यांपासून अंडे दिलेले नाही, असे सांगून खाद्य परत करू लागल्या. खाद्य, पाणी, उजेड, सगळे जागच्या जागी होते. मुलगा त्यांच्या घरी गेला तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात गेल्या वर्षीचा कूलर ठेवलेला होता, एका बाजूची ताटी निघालेली होती, आणि आतल्या कोरड्या गवतात सतरा अंडी नीट गोल रचलेली होती. कोंबडीला अंडे घालायला आडोसा, अंधार आणि मऊ गवत लागते, आणि खुराड्यात तिला मिळत होते नुसते सिमेंट. आम्ही त्यांना एक पेटी गवत भरून दिली आणि जागा ओळखीची वाटावी म्हणून आत प्लास्टिकचे अंडे ठेवले. बाकीच्या पाच जणी पेटीत बसू लागल्या. सहावी मात्र कूलर सोडायला तयार नव्हती, आणि त्या वर्षी काकूंचा कूलर मे उजाडेपर्यंत खिडकीला लागला नाही.