चौघांनी उचललेला माणूस

“तिकडे दोन महिने सूर्य उगवतच नाही म्हणे. मग तुम्ही राहता कसे? आणि एवढं नेमाने चर्चला जाता, त्याने खरंच उभारी येते, की ती नुसती मनाची समजूत?”

नगरच्या (आता अहिल्यानगरच्या) नातेवाइकांपासून कामावरच्या सहकाऱ्यांपर्यंत बऱ्याच जणांनी मला हे विचारलंय. विचारणारे सगळे ख्रिस्ती नसतात आणि त्यात कुचेष्टाही नसते. फोनवर अशी उत्तरं पुरी होत नाहीत. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहिते.

आधी काळोखाचं सांगते, कारण त्याबद्दल गैरसमज फार. मी राहते ते ट्रॉम्सो नॉर्वेच्या उत्तरेला, ६९ अंश अक्षांशावर आहे. आर्क्टिक वृत्त ओलांडल्यावरही साधारण साडेतीनशे किलोमीटर वर. २७ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य क्षितिजाखाली जातो तो थेट १५ जानेवारीच्या आसपास वर येतो. आणि गावाभोवती डोंगर असल्यामुळे तो डोळ्यांना दिसायला २१ जानेवारी उजाडते. या काळाला इथली माणसं मोर्केतीद म्हणतात. म्हणजे चोवीस तास मिट्ट अंधार असं मात्र नसतं. दुपारच्या सुमारास दक्षिणेकडे आभाळ फटफटतं, कधी गुलाबी होतं, आणि खालचा सगळा बर्फ निळा दिसायला लागतो. तो निळा रंग मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. दोन वाजले की पुन्हा रात्र. थंडी तुम्ही समजता तेवढी नसते. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे जानेवारीतही पारा बहुधा उणे चार-पाचच्या आसपास राहतो. खरा जड जातो तो नोव्हेंबर. बर्फ अजून धरलेला नसतो, पाऊस पडत राहतो, रस्ते काळे, डोंगर काळे, आणि असेल तेवढा उजेड परत फेकायला पांढरं असं काहीच नसतं.

शरीर कुरकुरतंच. झोप येते तेव्हा यायला नको असते आणि हवी तेव्हा येत नाही. गोड खावंसं वाटतं, माणसांत जावंसं वाटत नाही. हिवाळ्यातल्या या उदासीनतेचं वर्णन नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली वैद्यकीय नियतकालिकात केलं, आणि तेव्हापासून तिच्यावर उपचारही आहेत. माझ्या स्वयंपाकघरात १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिवा आहे. सकाळी अर्धा तास त्याच्यासमोर बसून मी चहा पिते. कॉड माशाच्या यकृताचं तेल चमचाभर घेते. ते ‘ड’ जीवनसत्त्वासाठी, आणि त्याची चव तोंडातून तासभर जात नाही. हे सगळं आधी सांगते, कारण प्रार्थना आहे म्हणून दिव्याची आणि डॉक्टरांची गरज नाही असं कोणी तुम्हाला सांगत असेल तर ऐकू नका. पवित्र शास्त्रच तसं सांगत नाही. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून ‘आता माझा प्राण घे’ म्हणाला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. तो झोपला. दूताने त्याला स्पर्श करून उठवलं आणि म्हटलं, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती, पाण्याची सुरई होती. खाऊन तो पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवलं, पुन्हा खायला लावलं. देवाशी बोलणं त्यानंतर, चाळीस दिवस चालून गेल्यावर. खचलेल्या माणसाला आधी झोप आणि अन्न, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

मग चर्चचं काय?

नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाला आगमनकाळ म्हणतात. त्याचा पहिला रविवार दरवर्षी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. म्हणजे ज्या आठवड्यात ट्रॉम्सोचा सूर्य बुडतो, बहुतेक त्याच आठवड्यात चर्चचं नवं वर्ष सुरू होतं. हे कोणी ट्रॉम्सोकडे बघून ठरवलेलं नाही, पण इथे राहून त्याचा अर्थ मला जसा लागला तसा नगरला कधी लागला नव्हता. नगरला डिसेंबर म्हणजे उन्हात वाळत घातलेल्या गोधड्या, करंज्यांचं सारण, दारावर लावलेली चांदणी आणि संध्याकाळी गाणी म्हणत घरोघर फिरणारी तरुण मंडळी. आगमनकाळ कधी आला, कधी सरला, कळायचं नाही. सगळं लक्ष नाताळाकडे. इथे चार जांभळ्या मेणबत्त्यांतली एकच पेटवतात आणि उरलेल्या तीन तशाच ठेवतात. घरातही, चर्चमध्येही. पुढच्या रविवारपर्यंत थांबायचं. खिडक्याखिडक्यांत कागदी तारे आणि सात दिव्यांच्या समया लागतात, आणि गावातून चालताना ज्या घरात कोणीच ओळखीचं नाही त्या घराचाही आधार वाटतो.

त्या पहिल्या रविवारी कोणी म्हणत नाही की आता आनंदी व्हा. चर्च म्हणतं, थांबा, वाट पाहा. दुःखी माणसाला आनंदी हो म्हणणं जुलमाचं असतं, पण वाट पाहणं त्यालाही जमतं. नाताळच्या उपासनेत यशयाचा तो उतारा वाचतात, ‘अंधकारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला आहे’. लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. बुटांना बर्फावरचे खिळे बांधून, पाय सांभाळत, दुपारी तीनच्या रात्रीतून चर्चपर्यंत आलेल्या माणसांमध्ये बसून ते ऐकलं तेव्हा ‘चालणाऱ्या’ या शब्दाकडे पहिल्यांदा माझं लक्ष गेलं. ही माणसं काळोख संपायची वाट बघत घरात बसलेली नव्हती.

आता त्या हिवाळ्याबद्दल सांगते ज्यामुळे या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलं.

बाबा डिसेंबरच्या सुरुवातीला गेले. मी नगरला पोहोचले, माती दिली, आणि रजा संपली म्हणून आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारच्या आत ट्रॉम्सोला परत आले. आमच्या घरी रोज रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना असायची आणि बाबा पेटीवर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग म्हणायचे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, पुढे त्यांची बरीच वर्षं नगरला गेली. त्यामुळे आमच्याकडे त्यांच्याबद्दल घरच्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. (टिळकांचा जन्म १८६१ चा. ट्रॉम्सोचं लाकडी कॅथेड्रलही १८६१ सालीच बांधून झालं. बाबांना हे सांगितलं होतं तेव्हा ते केवढे खूश झाले होते.) परत आल्यावर मला एकही अभंग म्हणता येईना. प्रार्थनेला बसले की शब्दच नसायचे. देवावर राग आहे असंही नव्हतं. आत काही हलतच नव्हतं.

चर्चला गेले ते सवयीने. मागच्या बाकावर बसले. गाणं सुरू झालं आणि मी पुस्तकसुद्धा उघडलं नाही. शेजारी एक वयस्कर नॉर्वेजियन बाई होत्या, तोंडओळखीच्या. त्यांनी आपलं गीतांचं पुस्तक माझ्यासमोर सरकवलं, हातमोजा काढला आणि चालू ओळीखाली बोट धरलं. मी गावं म्हणून नाही, कारण माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या गात होत्या आणि बोट ओळीओळीने पुढे सरकत होतं, पाचही कडवी संपेपर्यंत. नखाला थोडा रंग लागलेला होता, घर रंगवत असाव्यात. मी ते बोट बघत बसले.

आमच्या चर्चमध्ये, जसा नॉर्वे-स्वीडनच्या अनेक चर्चमध्ये असतो तसा, लोखंडी पट्ट्यांचा एक गोल आहे, पृथ्वीच्या आकाराचा. मधोमध एक मोठी मेणबत्ती, ख्रिस्ताची, आणि भोवती लहान मेणबत्त्यांसाठी जागा. १९६८ साली जागतिक चर्च परिषदेची सभा स्वीडनमधल्या उप्सालाला भरली, तेव्हा तिथल्या कॅथेड्रलमध्ये असा गोल पहिल्यांदा उभा राहिला आणि तिथून तो पसरला. मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या, प्रार्थनेच्या वेळी ज्याला वाटेल तो उठून एक मेणबत्ती लावतो. त्या दिवशी मी उठले नाही. त्या बाई गेल्या, एक लावली, थांबल्या, आणि दुसरी लावून परत आल्या. दुसरी कोणासाठी हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मार्काच्या शुभवर्तमानात कफर्णहूमची गोष्ट आहे. पक्षाघात झालेल्या एका माणसाला चौघं उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, म्हणून घराचं छप्पर उसवतात आणि त्याला बाजेसकट येशूपुढे खाली सोडतात. रविवारच्या शाळेत ही गोष्ट आम्ही नाटक करून दाखवायचो. मी छप्पर उसवणाऱ्यांत असायचे. पण पुढचं वाक्य मी त्या हिवाळ्यात पहिल्यांदा वाचल्यासारखं वाचलं: येशू ‘त्यांचा विश्वास पाहून’ त्या माणसाला म्हणाला, मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. त्यांचा विश्वास. बाजेवरच्या माणसाने काही म्हटल्याचं तिथे लिहिलेलंच नाही. त्याचा विश्वास होता की नव्हता, तो आशा धरून होता की कंटाळून गप्प झाला होता, काही कळत नाही. चौघांचा विश्वास पुरला.

आपल्याकडे चौघं खांदा देतात ते माणूस गेल्यावर. बाबांना मी तसं जाताना नुकतंच पाहिलं होतं. इथे चौघांनी जिवंत माणसाला उचललं होतं, आणि तो परत जाताना आपली बाज स्वतः उचलून गेला.

म्हणून ‘श्रद्धेने उभारी येते का’ या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: माझ्या श्रद्धेने त्या हिवाळ्यात आली नाही. दुसऱ्यांच्या श्रद्धेने मला धरून ठेवलं. त्या बाईंच्या, दर बुधवारी संध्याकाळी दारात डबा घेऊन उभ्या राहणाऱ्या माझ्या एरिट्रियन मैत्रिणीच्या, नगरहून रोज रात्री फोन करून ‘तू बोलू नकोस, मी प्रार्थना करते’ म्हणणाऱ्या ताईच्या. ही मनाची समजूत असती तर ती मला स्वतःच काढावी लागली असती, आणि स्वतःची समजूत काढण्याइतकं बळ माझ्यात तेव्हा नव्हतं. मला देव या मार्गाने भेटला असं मी मानते. तुम्ही याला माणुसकी म्हणाल. मी भांडणार नाही, फक्त एवढंच सांगेन की ती माणसं स्वतः ते ख्रिस्ताच्या नावाने करत होती.

स्तोत्रसंहितेत ८८ वं स्तोत्र आहे. विलापाची बाकीची बहुतेक स्तोत्रं शेवटी वळण घेतात, देवाची स्तुती करतात. हे तसं करत नाही, ते काळोखातच संपतं. तरी ते शास्त्रात आहे, उपासनेत वाचलं जातं, आणि ते म्हणणारा शेवटपर्यंत देवाशीच बोलतो आहे. तेव्हा मला म्हणता येईल अशी तीच एक प्रार्थना होती.

२१ जानेवारीला सूर्य दिसतो. पोरं शाळेतून बाहेर येऊन डोंगराकडे बघत उभी राहतात आणि अख्खं गाव त्या दिवसासाठी तळलेले, जॅम भरलेले गोड पाव खातं. मीही खाते. पण तो दिवस आला म्हणून सगळ्यांचं सगळं मिटतं असं नाही. माझ्या मनातला हिवाळा त्या वर्षी एप्रिलपर्यंत चालला. नंतर एका रविवारी, कोणतंही खास कारण नसताना, मी गात होते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे पुण्यातल्या माझ्या भाचीनेही अलीकडे हाच प्रश्न विचारला. तिच्या आवाजावरून कळलं की तिला ट्रॉम्सोच्या सूर्याशी काही देणंघेणं नाही. पुण्यात लख्ख ऊन आहे आणि तिला सकाळी अंथरुणातून उठवत नाही. तिला मी सांगितलंय की डॉक्टरांची वेळ आधी घे, आणि ती तिने घेतली आहे. रविवारी मंडळीत जाववलं तर जा, मागे बस, गाऊ नकोस. इथे दुपारचे अडीच वाजतात तेव्हा तिच्याकडे सात वाजलेले असतात, आणि त्या वेळी मी रोज फोन करते. तिला बोलायचं असेल तर ती बोलते. नसेल तर मी एक स्तोत्र वाचते आणि ती ऐकते, काल ती मध्येच म्हणाली, “मावशी, जरा हळू वाच.”